काट्यावरची धार

१

दूध संकलन केंद्रावर जाऊन ब्राउझर लावून द्यायचा, हे रोहिणीच्या डाव्या हाताचं काम. बारामतीतली तिची कंपनी गावोगावच्या दूध संस्थांना सॉफ्टवेअर विकायची आणि ते चालायचं ब्राउझरमध्ये. विकणारी मंडळी गोड बोलून, चहा पिऊन मोकळी व्हायची. मागं संस्थेच्या जुन्यापान्या कॉम्प्युटरशी झुंजायला रोहिणी. पॉप-अप अडवला तर पावती निघत नाही. आवाज अडवला तर स्पीकर बोलत नाही. वजनकाट्याची वायर ब्राउझरला ओळखीची करून द्यायची, फॅट मशीनची करून द्यायची. पत्त्याशेजारच्या छोट्या चिन्हावर टिचकी मारायची आणि खाली जे जे विचारतील त्याला ‘परवानगी द्या’ म्हणायचं. वाचत कोण बसतंय! पहिल्या वर्षी तिनं वाचलंही असेल. आता बोट आपसूक जायचं.

त्या दिवशी ती डाळजला आली होती. केंद्र म्हणजे हायवेपासून जरा आत पत्र्याची एक लांबट खोली. कोपऱ्यात कॉम्प्युटर, मधोमध वजनकाटा, काट्यावर स्टीलची चकचकीत बादली, भिंतीला स्पीकर, आणि कितीही धुतलं तरी न जाणारा तो दुधाचा आंबूस वास. सकाळ-संध्याकाळ गाव किटल्या घेऊन यायचं, बादलीत दूध ओतायचं, स्पीकर नाव आणि वजन पुकारायचा. दुपारी मात्र इथं चिटपाखरू नसायचं. असायचे ते फक्त आप्पा, संस्थेचे सचिव. आप्पांनी लग्न केलं नव्हतं. मागं-पुढं कुणी नव्हतं. केंद्र हाच त्यांचा संसार, आणि संसाराला शोभेल असाच त्यांचा कुरकुरा जीव होता.

“ह्यो ब्राउझर म्हंजे नक्की काय असतंय गं पोरी?”

“आप्पा, घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारा बसलेला असतो बघा. कुणी आलं की खाकरतो. कोण पाहिजे, कुठनं आलात? तो हो म्हणाला तरच माणूस आत. तसंच हे.”

“म्हंजे मीच की!” आप्पा मांडीवर थाप मारून हसले. “आन तू त्या म्हाताऱ्याला काय सांगतीस?”

“सगळ्यांना आत सोड म्हणते.”

“चोराला पन?”

“चोर कशाला मरायला येतोय दूध डेअरीत?”

सगळं नीट चालतंय का ते बघायला एक खोटा सभासद भरावा लागे. पूर्वी ‘चाचणी’ असं नाव टाकलं तरी चालायचं, पण या नव्या सॉफ्टवेअरला खरंखुरं नाव लागे. रोहिणी प्रत्येक केंद्रावर आपलंच नाव टाकायची आणि निघताना काढून टाकायची. तिनं नाव टाकलं. पुढं जनावराचा रकाना आला.

“गाय का म्हैस?” आप्पांनी डोळे मिचकावले. “काय लिवू तुझ्यापुढं?”

“मोकळं सोडा हो आप्पा, काहीतरीच तुमचं.”

रकाना मोकळा सोडला. सॉफ्टवेअरनं तो तसाच घेतला.

२

बादलीवर वाकून ती काट्याची वायर घट्ट बसवत होती, तेवढ्यात फोन वाजला. काटेवाडीहून तिच्या सासूचा, ठमाबाईंचा. सासूला ती आत्या म्हणायची.

“अगं, उठली गं तुझी लेक. ऐक जरा कशी टाहो फोडतीय. कवा येतीस?”

मागं नंदूचं रडणं ऐकू आलं. नाव राजनंदिनी, पण एवढ्याशा जिवाला एवढ्या मोठ्या नावानं कोण हाक मारणार, म्हणून नंदू. दिवस भरायच्या आधीच झालेली, मुठीत मावेल अशी पोर. मोठ्या मुश्किलीनं बाळसं धरत होती. तिला वरचं दूध सोसत नव्हतं. एकदा गाईचं दिलं तर अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. पावडरचं दिलं तर तेच. शेवटी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी खडसावून सांगितलं होतं, “आईचं दूध. दुसरं काहीही नाही. पुन्हा प्रयोग केलात तर मी जबाबदार नाही.” आजूबाजूला दुधाचे टँकर वाहत होते आणि या पोरीला त्यातला चमचाभर चालत नव्हता! रोहिणी कामाला निघताना पाजून जायची, वाटीत काढून ठेवायची, आणि दुपारी धावत घरी यायची.

रडणं कानावर पडलं मात्र, रोहिणीला पान्हा फुटला. आईचं शरीर ते, त्याला घर कुठं आणि डेअरी कुठं कळतंय होय? ड्रेस ओला झाला. ओढणी सावरेपर्यंत एखादा थेंब खाली गेला असेल, नसेल.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. आतली ती बाई आपल्या सपाट आवाजात म्हणाली, “रोहिणी. दहा ग्रॅम. धन्यवाद.”

“आलं बघ, चालू झालं!” आप्पा टेबलापासून ओरडले. त्यांचं लक्ष पडद्याकडं होतं.

रोहिणी लाजेनं चूर झाली. बादली पुसली, पर्स उचलली, “येते आप्पा, बाळ रडतंय” म्हणाली आणि स्कूटीला किक मारली. स्वतःचं नाव काढायचं राहून गेलं. असं कधी होत नसे.

३

त्या संध्याकाळी नंदू प्यायली, पण पोट भरलं नाही. तोंड सोडायची, परत धरायची, चिडायची. दुसऱ्या दिवशी तसंच. ठमाबाईंनी सुनेच्या ताटाकडं बघून तोंड सोडलं, “दोन घास खाऊन उठतीस. आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येनार? उद्यापासनं हळिवाची खीर, शेपूची भाजी, आन निमूट खायचं.”

रोहिणीनं निमूट खाल्लं. धावपळ, ऊन, स्कूटी, झोप नाही. दूध कमी व्हायला एवढी कारणं पुष्कळ झाली.

मग आप्पांचा फोन आला.

“पोरी, तुझं नाव पुकारतंय गं मशीन. सकाळी पुकारलं, संध्याकाळी पुकारलं. समदी मानसं घालून गेली की मग.”

“माझं नाव काढायचं राहिलंय आप्पा. ती जुनी नोंद परत वाजते. ब्राउझरमध्ये साठलेलं असतं ना, ते.”

“साठलेलं असतं तर तेवढंच वाजलं असतं की. हे रोज वाढतंय. परवा चाळीस ग्रॅम होतं.”

“काटा सरकला असेल. पत्रा तापला की लोखंड पसरतं, असं होतं कधीकधी.” खुद्द रोहिणीलाच हे उत्तर एवढं पटलं की ती हसली.

“आसंल बाबा. मला काय कळतंय. पर बादली वाजती त्याचं काय? थांब, आत्ता लागली बघ. आइक.”

त्यांनी फोन बादलीजवळ धरला असावा. रोहिणी त्या वेळी माजघरात भिंतीला टेकून नंदूला पाजत होती. आधी नुसती पत्र्याची करकर आली. मग आला तो आवाज. गोठा असलेल्या घरातल्या कुणालाही तो झोपेतही ओळखू येतो. रिकाम्या बादलीच्या तळावर बारीक धार पडते तो. चर्र. चर्र. जरा थांबून, चर्र.

नंदूनं तोंड सोडलं. आईकडं बघितलं आणि भोकाड पसरलं. रोहिणीनं दाबून बघितलं, दुसऱ्या बाजूला घेतलं, पुन्हा दाबून बघितलं. थेंब नाही.

फोनमधून स्पीकरचा आवाज लांबून आला. “रोहिणी. दीडशे ग्रॅम. धन्यवाद.”

४

ती दुसऱ्याच दिवशी डाळजला गेली. वाटेत स्वतःला समजावत होती. शिकलीसवरलेली बाई तू, रोज चार कॉम्प्युटर उघडतेस. उगाच मनाचे खेळ करून घेऊ नकोस. फोनवर आवाज ऐकला, घाबरलीस, घाबरलं की दूध आटतं. हे तर डॉक्टरसुद्धा सांगतात. नाव काढायचं, घरी यायचं, विषय संपला.

संध्याकाळचं संकलन उरकत आलं होतं. शेवटची किटली गेली, आप्पांनी बादली धुऊन, पुसून काट्यावर ठेवली. बाहेर अजून ऊन होतं. हायवेवरून ट्रक जात होते, शेजारच्या रानात कुणीतरी मोटर चालू केली होती. भ्यायचं काही कारण नव्हतं.

रोहिणी कॉम्प्युटरपुढं बसली. सभासदांत गेली, स्वतःचं नाव निवडलं, ‘काढून टाका’ दाबलं. उत्तर आलं की संकलन चालू आहे, हे खातं बंद करता येणार नाही.

“कुठं चालू आहे संकलन?” ती पडद्यावरच खेकसली.

मागं बादली वाजली. चर्र.

त्याच क्षणी तिला ते जाणवलं. छातीत आतून ओढ, बाळानं घट्ट धरल्यावर लागते तशी. पण बाळाचं तोंड ऊबदार असतं. या ओढीत ऊब नव्हती. ती टेबलाला धरून उठली. खोलीत आप्पा आणि ती, तिसरं कुणी नाही. आप्पा दाराशी उभे, तोंडाचा आ करून बादलीकडं बघत होते.

“हेच गं,” ते हळू आवाजात म्हणाले. “रोज हेच.”

तिनं काट्याची वायर उपटली. स्पीकरची उपटली. मग भिंतीवरचं बटनच बंद केलं, कॉम्प्युटर विझला, पंखा थांबला. धार चालूच होती. आप्पांनी पुढं होऊन बादली उचलली आणि बाजूला ठेवली. आवाज फक्त बदलला. आता धार काट्याच्या पत्र्यावर पडत होती, चपटी, ओलसर. बघता बघता पत्र्यावर पातळ, निळसर पांढरं काहीतरी पसरलं.

“ठेवा! बादली ठेवा आप्पा!” रोहिणी किंचाळली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. एवढंच की आपल्या लेकराचं ते असं सांडताना तिला बघवेना.

आप्पांनी बादली परत ठेवली. ती वाकून आत बघायला गेली आणि बादलीच्या चकचकीत पोटात तिला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, वेडंवाकडं, पसरट. प्रतिबिंबात तिच्या छातीपाशी एक मूठ होती. अंगठा आत दुमडलेला. उघडत होती, मिटत होती. आपल्याकडं म्हशीची धार काढताना बाया हाताची मूठ करतात ना, अगदी तशी, सवयीची आणि बिनघाईची.

तिनं खाली, स्वतःकडं बघितलं. ओढणी होती, ड्रेस होता. दुसरं काही नव्हतं.

५

भीतीनं पाचावर धारण बसली तरी माणूस आपल्या कामाचीच साधनं हातात धरतं. रोहिणीनं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि ब्राउझर उघडला. दिलेली एकेक परवानगी काढत गेली. आवाज, अडवा. पॉप-अप, अडवा. काट्याची वायर, अडवा. साठलेलं सगळं पुसलं. ब्राउझर बंद केला, पुन्हा उघडला. सगळ्या परवानग्या जिथल्या तिथं होत्या. पुन्हा काढल्या. पुन्हा तशाच.

तिनं पुण्याच्या मदत कक्षाला फोन लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला. तिकडं अविराज नावाचा पोरगा होता, बोलायला गोड, पण उंटावरून शेळ्या हाकणारा.

“मॅडम, कॅश क्लिअर केली का?”

“केली.”

“दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलं का?”

“बघितलं. अविराज, माझं नाव डिलीट कर. मागून, सर्व्हरवरून कर. आत्ताच्या आत्ता.”

“मॅडम, ते संस्थांच्या नियमाप्रमाणे बनवलंय. चालू सभासद डिलीट होत नाही. दुसऱ्याच्या नावावर वर्ग करता येतो फक्त. तसं करून टाका ना, दोन मिनिटांचं काम.”

फोन चालू असतानाच आप्पांनी मान हलवली. “बराबर बोलतोय त्यो. संस्थेत नंबर मरत न्हाय पोरी. मानूस मरतंय, नंबर वारसाकडं जातो. आमच्या बापापासनं हेच हाय.”

रोहिणीनं फोन ठेवला. ‘वर्ग करा’ दाबलं. नव्या सभासदाचं नाव विचारलं. तिनं ‘चाचणी’ लिहिलं, नाही घेतलं. अक्षरं वेडीवाकडी ठोकली, नाही घेतली. मोकळं सोडून बघितलं. तेही नाही. मागं धार मंदावली होती. संपत आली की मंदावते तशी.

कुणाचं लिहू? आत्याचं? नवऱ्याचं, दिग्विजयचं? मनात एकेक नाव यायचं आणि तिच्या काळजात चर्र व्हायचं. घरी नंदू सकाळपासून चमचाभर पाण्यावर होती. टाळू खाली गेली होती. रडायचंही बळ उरलं नव्हतं तिच्यात.

“माझं घाल,” आप्पा म्हणाले.

“काहीतरीच काय आप्पा!”

“अगं, माझ्याकडनं काय काढनार हाय ते? वाळल्या लाकडाला पिळून काय निघतंय?” ते हसले, पण हसताना त्यांनी बादलीकडं पाठ केली. “मला ना लेकरू, ना बाळ. घाल गं. त्या पोरीचा जीव जाईल.”

“आप्पा, नको हो. तुम्हाला काही झालं तर मी कुठं फेडू?”

“फेडायचं कुणी सांगितलंय? घाल म्हनतोय न्हवं!”

तिनं आप्पांचं नाव लिहिलं. वाटलं होतं बोटं अडतील, पण ती सरसर चालली. सॉफ्टवेअरनं ते लगेच घेतलं. खोलीत धार थांबली. एवढी शांतता झाली की रानातल्या मोटरचा आवाज आत येऊन उभा राहिला.

रोहिणी आप्पांच्या पायाशी वाकली. त्यांनी तिला अर्ध्यातच उठवलं.

“पळ आता. लेकरू वाट बघतंय.”

६

काटेवाडीला पोचायच्या आधीच तिचा ड्रेस भिजला होता. नंदूला घेतलं आणि ती प्यायली. अशी प्यायली की ठसका लागला. घोट घोट गिळताना गळ्यात होणारा तो टुकटुक आवाज ऐकून रोहिणी ढसाढसा रडली. ठमाबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “बघ, हळीव कसं लागू पडलं.” मग त्याही पदरानं डोळे पुसायला लागल्या.

आठवडाभर आप्पांचा फोन आला नाही आणि रोहिणीनंही केला नाही. मग आला.

“आता माझं नाव पुकारतंय गं.” ते हसत होते. “फॅट मशीन म्हनतंय, समदं पानीच हाय. जन्मभर कुणाला दुधात थेंबभर पानी घालू दिलं न्हाय, आन आता माझ्याच नावावर निस्तं पानी! लाज काढली बघ मशीननं.”

“तुम्हाला काही त्रास होतोय का?”

“तोंडाला कोरड पडती जरा. वय झालं, दुसरं काय.”

पुढच्या फोनला त्यांची जीभ अडखळत होती. घागर रिकामी केली तरी तहान भागत नाही म्हणाले. डॉक्टरांनी साखर तपासली, ती ठीक आहे. रोहिणी प्रत्येक वेळी “बघते आप्पा, करते काहीतरी” म्हणायची. तिनं खरंच काही बघितलं का? अविराजला एकदा फोन लावला होता. तो रजेवर होता. मग नाही लावला.

शेवटी मनाला टोचणी लागली म्हणून ती एका सकाळी गेली. केंद्रात कॉम्प्युटरपुढं गावातलीच एक सून बसली होती, विजयमाला. आप्पांना झेपेना म्हणून संस्थेनं तिला मदतीला घेतलं होतं. हसरी, चुणचुणीत पोरगी. पत्र्याच्या आडव्या पाइपाला तिनं साडीची झोळी बांधली होती आणि तीत तिचं तान्हं झोपलं होतं. काम करता करता ती पायानं झोळीला झोका द्यायची.

आप्पा भिंतीशी खुर्चीत होते. रोहिणीनं त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. कातडी हाडांना चिकटली होती, ओठ चिरले होते. हात सारखा गळ्यापाशी जायचा, काहीतरी झटकल्यासारखा.

“तुझी पोर पिती का?” त्यांनी पहिलं हेच विचारलं.

“पिते आप्पा. वजन वाढलंय.”

“मग झालं तर.”

रोहिणीला हुंदका आवरेना. आप्पा तिच्याकडं जरा हेव्यानंच बघत होते.

“मला रडाय पन येत न्हाय बघ आता. डोळं नुसतं खरखरत्यात, वाळू गेल्यागत.”

विजयमाला पाणी आणायला बाहेर गेली. कॉम्प्युटर मोकळा होता. तिथं बसायचं, ‘वर्ग करा’ दाबायचं, स्वतःचं नाव लिहायचं. रोहिणी उठून टेबलापर्यंत गेलीसुद्धा. माउसवर हात ठेवला. आप्पा बघत होते. नको म्हणाले नाहीत, करही म्हणाले नाहीत. बादलीत बारीक आवाज सुरू झाला, दुधाच्या धारेपेक्षा हलका, पागोळीचा असतो तसा. आप्पांनी डोळे मिटून घेतले आणि गळा घट्ट धरला.

तिनं माउस सोडला.

“परत येते आप्पा. नक्की काहीतरी मार्ग काढते.”

“व्हय व्हय,” आप्पा म्हणाले. “ये.”

ती गेली नाही. डाळजच्या बाजूचं काम निघालं की ते दुसऱ्यावर ढकलायची.

७

आप्पा गेल्याचं तिला विजयमालाच्या फोनवरूनच कळलं. दुपारची वेळ होती. दहावा आदल्या दिवशीच झाला होता.

“ताई, तुमाला कुणी सांगितलं न्हाय व्हय? लई वाईट वाटलं बघा. उचलताना मानसं म्हनत हुती, अंगात वजनच न्हाय.” मग ती कामाच्या सुरात म्हणाली, “त्यांचं नाव काढायला गेले तर काढू देत न्हाय, वारस विचारतंय, आन आता पुढं सरकतच न्हाय. त्यांचं तर कुनीच न्हाय. मोकळं सोडलं तर घेत न्हाय. काय टाकू?”

रोहिणी माजघरात भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर नंदू पीत होती. गुटगुटीत झाली होती आता, मनगटाला वळ्या पडल्या होत्या. एका हातानं तिनं आईची ओढणी मुठीत धरली होती.

“ताई? हाय का लायनीवर?”

“आहे.”

सांगता आलं असतं. हात लावू नकोस, तुझं लेकरू घेऊन आधी त्या खोलीतून बाहेर हो, म्हणून. पण मग? रकाना मोकळा राहिला तर ते कुणाकडं परत येईल? आप्पांच्या आधी ते कुणाच्या नावावर होतं, हे या जगात आता एकट्या रोहिणीला माहीत होतं. फोनमधून झोळीच्या पाइपाची किरकिर येत होती. तिकडचं तान्हं जागं होतं, आपल्याशीच ऊं ऊं करत होतं.

“तात्पुरतं माझंच टाकू का?” विजयमाला म्हणाली. “संध्याकाळचं दूध अडून ऱ्हाईल. मागनं तुमी आला की बदला.”

नंदूनं एक घोट घेतला. मग आणखी एक.

“टाक,” रोहिणी म्हणाली.

“बरं झालं बाई तुमी फोन उचलला. कवापासनं बसलीय डोकं धरून.”

कीबोर्डची टकटक ऐकू आली. स्पीकर बोलायच्या आत रोहिणीनं फोन कापला आणि नंदूला दुसऱ्या बाजूला घेतलं.